हात लावून बघ

लेस्टर, ९ जानेवारी २०२५, गुरुवार

पहाटे साडेपाचला आईंच्या खोलीत दिवा लागलेला दिसला म्हणून आत डोकावले. सासूबाई पलंगावर बसून होत्या. अंगावर दुलई, तिच्यावर शाल, शालीवर माझ्या नवऱ्याचं, विनयचं जॅकेट, आणि तरीही हात हातात घेतले तर बर्फ. "अगं, भिंतीवरचं ते तापतच नाहीये बहुतेक. तुम्हाला उठवायचं जिवावर आलं," म्हणाल्या. गुडघ्यांच्या दुखण्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मला मात्र दिवसभर तेच टोचत राहिलं.

घरभर फिरून प्रत्येक रेडिएटरवर हात ठेवला. खालच्या मजल्यावरचे सगळे गार. वरचे दोन कोमट, ताप उतरलेल्या कपाळासारखे. स्वयंपाकघरातला बॉयलर मात्र पेटत होता. पेटायचा, मिनिटभर गुरगुरायचा आणि विझायचा, तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. नळाला गरम पाणी व्यवस्थित होतं.

आईंनी विचारलं, नळाला गरम पाणी येतं मग भिंतीला का येत नाही? प्रश्न बरोबर होता. त्यांना सांगितलं, समजा आपल्या मिरजेच्या घरातला तांब्याचा बंब स्वयंपाकघरात ठेवलाय. त्यात तापलेलं पाणी पंप ढकलतो. पुढे तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह आहे. एका तोंडातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून रेडिएटरांकडे जातं, तिसऱ्यातून वरच्या कपाटातल्या तांब्याच्या टाकीतल्या वेटोळ्यात जातं आणि अंघोळीचं पाणी तापवून परत येतं. हे फिरणारं पाणी वेगळं आणि अंघोळीचं वेगळं, दोन्ही कधी एकत्र होत नाहीत. फिरणारं पाणी वर्षानुवर्षं तेच असतं.

"म्हणजे शिळं पाणी," आई म्हणाल्या.

दुपारी चारला एका दुरुस्ती कंपनीचा माणूस आला. वीस मिनिटं थांबला. बॉयलरचं झाकण काढलं, पुन्हा लावलं, वय विचारलं. मग सांगितलं की बॉयलर संपलाय, नवा बसवा. संध्याकाळी प्रस्ताव आला, ३,४०० पौंड. पंप आणि व्हॉल्व्ह ज्या कपाटात आहेत, ते वरचं एअरिंग कपाट त्याने उघडलंसुद्धा नाही. मला याचा राग आहे आणि तो लिहून ठेवते. थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात येऊन, न तपासता एवढा मोठा आकडा सांगणं बरोबर नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

पलूसला अण्णांना फोन लावला. माझे वडील चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आमच्याच भागातल्या ओसाड माळावर कारखाना आणि गाव दोन्ही वसवलं, त्या किर्लोस्करवाडीच्या आसपास वाढलेल्या माणसाला पंप नवा नसतो. सेंट्रल हीटिंग त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. पण प्रश्न नेमके विचारले.

"मोटार आवाज करतीया का गं?"

"करतेय अण्णा, पण बारीक. नुसती गुणगुण."

"हात लावून बघ. थरथर हाय का नुसती गरम हाय?"

कपाटात हात घातला. पंपाच्या अंगावर हात ठेवता येईना इतका तो तापला होता, पण थरथर अजिबात नव्हती. बॉयलरकडून येणारा नळ पंपापर्यंत चटके देत होता आणि परत जाणारा नळ गार.

"मग दांडी आडकलीया. मोटार जळाली न्हाई. जळाली आसती तर आधी वास आला आसता."

आता बॉयलरचं वागणं कळलं. पंप पाणी पुढे नेत नाही, त्यामुळे बॉयलरमधलं थोडंसं पाणी मिनिटभरात उकळीला टेकतं आणि त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. पाणी जरा निवलं की पुन्हा पेटतो. बॉयलर आपलं काम नीट करत होता. नळाला गरम पाणी येत होतं, कारण तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं आणि टाकीचं वेटोळं बॉयलरच्या थेट वर आहे. जुन्या इंग्रजी घरांत पूर्वी सगळं हीटिंग असंच चालायचं, पंपाशिवाय, जाड जाड नळ्यांतून.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा सांगलीत केला, त्यामुळे वीज कशी बंद करायची आणि बंद झालीय याची खात्री कशी करायची हे हाताला माहीत आहे. भिंतीवरच्या स्विचमधून ३ अँपियरचा फ्यूज काढून खिशात टाकला, म्हणजे दुसरं कुणी चुकून चालू करणार नाही. पंप निवायला तासभर दिला. मग पंपाच्या तोंडावर मधोमध असलेला रुंद खाचेचा पितळी स्क्रू सावकाश सैल केला. खाली फडकं धरलं होतं. थोडं पाणी आलं, काळं. आत दांडीचं टोक दिसलं, त्यालाही खाच असते. बारीक स्क्रूड्रायव्हर लावून फिरवायला गेले तर हलेना. जोर न करता डावीकडे-उजवीकडे करत राहिले. चौथ्या-पाचव्या वेळी कच्चकन सुटली आणि पुढे हलकी फिरली.

फ्यूज घालून चालू केलं. आधी घरघर, मग पाणी वाहतंय असा आवाज. दहा मिनिटांत जिन्याखालचा रेडिएटर वरून तापायला लागला. आई खुर्ची घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

अण्णांना कळवलं. म्हणाले, "चालली म्हणून खूश व्हऊ नगंस. का आडकली ती, ते बघ."

११ जानेवारी, शनिवार

रात्री दोनला पंप पुन्हा अडकला. सकाळच्या बातम्यांत सांगितलं की स्कॉटलंडच्या उत्तरेला आल्टनाहारा इथे रात्री उणे १८.९ अंश नोंदले गेले. आमच्याकडे तितकं नाही, पण घरात सकाळी ११ अंश होते. आईंना विजेचा हीटर लावून दिला आणि प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले.

नवा पंप ग्रुंडफोसचा मिळाला. पौल डू येन्सन यांनी १९४५ साली डेन्मार्कमधल्या ब्येरिंगब्रो या छोट्या गावात सुरू केलेला कारखाना. गावाचं नाव कारखान्यामुळे जगभर गेलं, आमच्या वाडीसारखंच. या देशातल्या घरगुती पंपांची एक सोय फार चांगली आहे. दोन्ही तोंडांमधलं अंतर बहुतेक १३० मिलिमीटर असतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा नवा पंप जुन्याच्या जागी बसतो. जुन्या पंपावरच्या पट्टीत तिसऱ्या गतीला शंभरच्या आसपास वॅट लिहिले होते, नव्यावर पन्नासच्याही आत. युरोपात २०१३ पासून पंपांना वीज कमी खाण्याचं बंधन आलं, त्याचा हा परिणाम.

बदलायला वेळ लागला तो पंपाच्या दोन्ही बाजूंच्या बंद करायच्या व्हॉल्व्हमुळे. हे व्हॉल्व्ह कुणी वर्षानुवर्षं हलवत नाही आणि नेमक्या गरजेच्या दिवशी ते हलत नाहीत. खालचा फिरला. वरचा अर्ध्यात थांबला. त्याच्यावर जोर करणं म्हणजे कपाटात कारंजं करून घेणं, म्हणून तेल सोडून अर्धा तास थांबले. शेवटी बंद झाला, पण पूर्ण नाही. थेंब थेंब पाणी गळत राहिलं आणि विनय शेवटपर्यंत खाली बादली धरून उभा होता. दोन मोठे नट सोडवले आणि पंप हातात आला.

तो स्वयंपाकघरातल्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि चार स्क्रू काढून उघडला. आतलं दृश्य मी विसरणार नाही. इंपेलरची पाती दिसतच नव्हती. पात्यांमधल्या सगळ्या फटी काळ्या लगद्याने भरून गेल्या होत्या. आजीच्या मिश्रीच्या डबीची आठवण झाली, तसाच काळा, तसाच बारीक, बोटाला लागला की साबणाने घासूनही नखात राहणारा. आई चष्मा लावून वाकून बघत होत्या. फ्रिजवरचं पन्हाळ्याचं चुंबक आणून मी त्या लगद्याजवळ नेलं. लगदा केसांसारखा उभा राहिला आणि चुंबकाला जाऊन चिकटला.

हा रेडिएटरच्या पत्र्याचा गंज आहे, मॅग्नेटाइट. लाल गंजाला भरपूर हवा लागते. बंद पाण्यात, कमी हवेत, पोलाद हळूहळू असं काळं होऊन झडतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. रेडिएटरच्या वरच्या भागात पुन्हा पुन्हा 'हवा' जमते आणि आपण किल्लीने ती सोडत राहतो, ती पुष्कळदा हवा नसून हा हायड्रोजन असतो. तो पेटतो. काडी लावून खात्री करायला जाऊ नये.

विहिरीवरच्या मोटारीला ग्लँड असते. दांडीभोवती दोरी भरायची, ती झिजली की पाणी गळतं, पुन्हा भरायची. अण्णांचं अर्धं आयुष्य त्या दोरीत गेलं. या पंपांना ग्लँडच नसते. फिरणारा भाग सरळ पाण्यातच बुडालेला असतो, तारांच्या वेटोळ्यात आणि त्याच्यात स्टीलचा पातळ पत्रा असतो, आणि दांडीला वंगण म्हणून तेच पाणी. ही कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात एक अट आहे. पाणी खराब तर वंगण खराब. अण्णांनी विचारलेल्या 'का'चं अर्धं उत्तर मला वर्तमानपत्रावर मिळालं.

नवा पंप बसवताना बाणाची दिशा पाहिली, वॉशर नवे घातले, दांडी आडवी राहील असं धरलं. दोन्ही व्हॉल्व्ह सावकाश उघडले. दुपारी तीनपर्यंत घर १९ अंशांवर होतं.

१२ जानेवारी, रविवार

आज उलटंच झालं. पहाटे पाच ते सहा या वेळात फक्त अंघोळीचं पाणी तापावं अशी वेळ लावलेली आहे, हीटिंग सातला सुरू होतं. पण साडेपाचलाच घरातले बहुतेक रेडिएटर कढत. जिन्याखालच्या रेडिएटरपाशी बसलेल्या आई घामाघूम होऊन खिडकी उघडत होत्या.

डिसेंबरात पहाटे वरचे दोन रेडिएटर कोमट असायचे, तेव्हा मी ते थंडीच्या नादात मनावर घेतलं नव्हतं. व्हॉल्व्हचा दोष तेव्हाच होता. पंप मरगळलेला असल्यामुळे तो झाकला गेला. पंप जोमात आला आणि व्हॉल्व्हचं दुखणं उघडं पडलं.

तीन तोंडांच्या या व्हॉल्व्हचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण न समजता बदलाबदल करण्यातच लोकांचे पैसे जातात. त्याच्या डोक्यावरच्या डबीत बारकी मोटार, एक स्प्रिंग आणि दोन छोटे स्विच असतात. वीज नसेल तेव्हा स्प्रिंग व्हॉल्व्हला टाकीच्या बाजूला उघडं धरते आणि रेडिएटरांची वाट बंद असते. खोलीच्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की पांढऱ्या तारेत वीज येते आणि मोटार व्हॉल्व्हला मध्यावर नेऊन थांबवते. दोन्ही वाटा उघड्या. टाकी पुरेशी तापली की करड्या तारेतही वीज येते, व्हॉल्व्ह पूर्ण पलीकडे जातो, टाकीची वाट बंद होते आणि नारिंगी तारेतून बॉयलर-पंपाला वीज मिळत राहते. निळी तार आणि हिरवी-पिवळी तार नेहमीच्याच कामाच्या.

म्हणजे पहाटे पाचला, फक्त टाकी तापत असताना, पांढरी आणि करडी दोन्ही तारा मेलेल्या असायला हव्यात. जोडणीची पेटी उघडून मीटर लावला. दोन्ही शून्य. हे काम चालू विजेवर करावं लागतं, म्हणून ज्याला सवय नाही त्याने इथे हात घालू नये, हे स्पष्ट लिहिते. पण या दोन शून्यांनी मोठं काम केलं. थर्मोस्टॅट निर्दोष, टायमर निर्दोष, तारा निर्दोष. विजेने व्हॉल्व्हला सोडून दिलं होतं, तरी व्हॉल्व्ह परत जात नव्हता.

वीज बंद करून डबी काढली. आमच्या जातीच्या व्हॉल्व्हची डबी पाणी न काढता वेगळी होते. खाली व्हॉल्व्हची पितळी दांडी उघडी पडली. ती बोटांच्या चिमटीत फिरायला हवी, थोडीशीच, घड्याळाच्या पाच मिनिटांइतकी. फिरेना. पकडीने हळूच धरून फिरवली तर वाळू दळल्यासारखी कचकचली. डबीतली स्प्रिंग चांगली होती, अंगठ्याने दाबून पाहिली. दोष खाली, पाण्याच्या बाजूला.

दुकानात डबी वेगळी मिळते आणि बहुतेक लोक आधी तीच बदलतात. मी बदलली असती तर नवी डबीही याच दांडीशी झगडत बसली असती. दांडी मध्यावर आणून ठेवली, म्हणजे तूर्त घर आणि पाणी दोन्ही तापेल.

१३ जानेवारी, सोमवार

कामावरून आल्यावर माळ्यावर चढले. तिथे एक छोटी प्लास्टिकची टाकी आहे. फिरणारं पाणी कमी झालं तर तिच्यातून भर पडते, आणि तापून फुगलं तर तिच्यात येतं. तिच्यावर एक वाकडी नळी उघड्या तोंडाची लोंबते, वाफेला वाट म्हणून. टाकीत हात घातला. पाणी कोमट होतं आणि तांबूस.

बाहेर दोन-तीन अंश आणि माळ्यावरच्या टाकीत कोमट पाणी. विनयला खालून पंप चालू करायला सांगितला. वाकड्या नळीतून टाकीत बारीक धार पडू लागली. पंप बंद, धार बंद. म्हणजे फिरणारं पाणी वर उसळून टाकीत पडत होतं, हवा पोटात घेऊन पुन्हा खाली जात होतं. ताजी हवा, ताजा प्राणवायू, नवा गंज. हे कधीपासून चाललं असेल कोण जाणे. हे घर आम्ही २०१९ साली घेतलं, त्यानंतर मी या टाकीत एकदाही डोकावले नव्हते.

शेजारच्या आजींनी त्यांच्या ओळखीच्या प्लंबरचा नंबर दिला. तो गॅस सेफ नोंदणीतला आहे हे आधी तपासलं. इथे गॅसच्या कामाला हात लावायचा अधिकार फक्त या नोंदणीतल्या माणसाला आहे. २००९ च्या एप्रिलपासून हीच नोंदणी चालते, त्याआधी कॉर्गी होती. उद्या येतो म्हणाला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सकाळी आईंनी तिळगूळ वळला. प्लंबर नऊला आला, साठीचा माणूस. मी सगळी हकिगत सांगितली, काढलेला पंप दाखवला. त्याने बॉयलरकडे पाहिलंही नाही. थेट एअरिंग कपाट उघडलं, खिशातून अंगठ्याएवढं चुंबक काढलं आणि तांब्याच्या नळावरून वरून खाली फिरवत आणलं.

तांब्याला चुंबक चिकटत नाही. ते नळावरून सरसर घसरत आलं. माळ्यावरच्या टाकीची नळी जिथे मुख्य नळाला मिळते, त्या सांध्यापाशी खट्‌ आवाज करून चिकटलं, आणि त्याने हात सोडला तरी तिथेच राहिलं. आम्ही सगळे बघत राहिलो. आईंना चमत्कार वाटला. मला मात्र आनंद झाला, कारण दोष असा बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

तिथे काळा गाळ साचून सांधा जवळजवळ बुजला होता. भर घालणारी वाट बंद झाली, म्हणून पंपाचा जोर वाकड्या नळीतून वर फुटायचा. हवा आत, त्यातून गंज, गंजातून गाळ, आणि गाळ परत त्याच सांध्यात, पंपात, व्हॉल्व्हमध्ये. एकच चक्र. पंप आणि व्हॉल्व्ह हे दोन वेगळे बिघाड नव्हतेच. दोष पाण्यात होता. अण्णांच्या 'का'चं उरलेलं अर्धं उत्तर हे.

त्याने सगळं पाणी रबरी नळीने बाहेर सोडलं. आधी चहासारखं, मग काळं शाईसारखं, बराच वेळ. सांधा कापून काढला. मी तो मागून घेतला. २२ मिलिमीटरच्या मुख्य नळाला मिळणाऱ्या त्या बारक्या नळीच्या तोंडात पेन्सिलच काय, काडेपेटीतली काडी गेली नसती. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह नवा लावला. पंपाचा वरचा गळका व्हॉल्व्हही बदलून घेतला. परतीच्या नळावर चुंबकाचा फिल्टर बसवला, उरलासुरला गाळ तिथे अडकेल. पाणी तीनदा भरून काढलं. चौथ्यांदा भरताना गंज रोखणारं रसायन घातलं, साधारण १०० लिटर पाण्याला एक लिटर.

जाताना त्याला तिळगूळ दिला. आईंनी मराठीतच सांगितलं, गोड बोला. मी अर्थ सांगितला. पंप, व्हॉल्व्ह, फिल्टर, मजुरी सगळं धरून खर्च त्या ३,४०० पौंडांच्या पाचव्या भागापेक्षा कमी झाला. बॉयलर तोच आहे.

१८ जानेवारी, शनिवार

सगळं घर तापतं, पण आईंच्या खोलीतला रेडिएटर मात्र गार. इतके दिवस त्या जिन्याखालच्या रेडिएटरपाशी बसत होत्या म्हणून लक्षात आलं नाही.

खालचा नळ गरम, रेडिएटर गार. म्हणजे अडलंय ते रेडिएटरच्या स्वतःच्या व्हॉल्व्हवर. १ ते ५ आकड्यांचं ते गोल डोकं असतं ना, त्याच्या आत मेणासारखा किंवा द्रवासारखा पदार्थ असतो. खोली तापली की तो फुगतो आणि खालची बारीक पिन दाबून पाणी अडवतो. वीज नाही, तार नाही. डॅनफॉसच्या मॅड्स क्लॉसन यांनी १९४३ साली काढलेली ही युक्ती, हेही डेन्मार्कचंच देणं. आई ऑक्टोबरात आल्या. त्याआधी उन्हाळाभर ही खोली रिकामी होती आणि मी डोकं बंद करून ठेवलं होतं. महिनोन्‌महिने दबलेली पिन तशीच चिकटून बसली.

डोकं हाताने फिरवून काढलं. पिन आत रुतलेली. बाजूने पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केलं, मग पान्याची सपाट बाजू पिनेवर ठेवून दाबलं, सोडलं. सातव्या-आठव्या वेळी ती वर उसळली. पिनेला पकडीने धरून वर ओढायचं मात्र नाही, ती हातात आली तर मागोमाग पाणी येतं. पाच मिनिटांत आईंचा रेडिएटर वरून खाली तापत आला.

मग सगळ्या रेडिएटरांचे दुसऱ्या टोकाचे, टोपीखालचे व्हॉल्व्ह थोडे थोडे जुळवले. बॉयलरजवळच्यांचे जरा आवळले, लांबच्यांचे मोकळे सोडले, म्हणजे जवळचेच सगळं पाणी पिऊन टाकत नाहीत. दुपार गेली त्यात, पण आता खोल्याखोल्यांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पाचला मुद्दाम उठले. टाकी तापत होती. सगळ्या रेडिएटरांवर हात ठेवत फिरले. सगळे गार, जसे त्या वेळी असायला हवेत. पंपावर हात ठेवला तर बारीक थरथर. सात वाजता व्हॉल्व्हच्या डबीतली मोटार कुरकुरली आणि मिनिटभरात रेडिएटरांचा नळ गरम झाला.

फिल्टर उघडून चुंबक पुसलं. तीन आठवड्यांत चमचाभर काळा गाळ निघाला. माळ्यावरच्या टाकीला चिकटपट्टी लावून तिच्यावर तारखा लिहिल्या: रसायन १४ जानेवारी, व्हॉल्व्ह १४ जानेवारी, पंप ११ जानेवारी. हे घर पुढे ज्याचं होईल त्याला शोधत बसावं लागू नये. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटिंग चालवायचं आणि रेडिएटरांची डोकी पूर्ण उघडी ठेवायची, हे विनयने कॅलेंडरवर टाकलंय.

अण्णांना त्या बुजलेल्या सांध्याचा फोटो पाठवला होता. आज त्यांचा फोन आला. म्हणाले, फोटो पलूसच्या दुकानात चार पोरांना दाखवला.

इथल्या थंडीत आईवडिलांना बोलावणाऱ्या मराठी घरांना एक विनंती आहे. कुणी बॉयलर बदला म्हणालं, तर आधी त्याला एअरिंग कपाट उघडायला लावा. आणि माळ्यावर अशी टाकी असेल, तर हीटिंग चालू असताना तिच्यात स्वतः हात घालून बघा. पाणी थंड असायला हवं.